पेन्डाइनची वाळू

समुद्रकिनारा म्हटला की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कोळवे, कळंगूट किंवा मिरामार उभे राहते. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू आपण पाहिलेली असते. तीवरून सायकली दामटणारी मुलेही पाहिलेली असतात. अशाच वाळूवर एके काळी जगातील सर्वांत वेगवान मोटारी धावल्या, आणि त्यांतील एक मोटार त्याच किनाऱ्याच्या वाळूत बेचाळीस वर्षे पुरलेली होती. वेल्सच्या नैर्ऋत्येस, कारमार्दन उपसागराच्या काठी असलेल्या त्या खेड्याचे नाव पेन्डाइन. गेल्या उन्हाळ्यात तेथे जाण्याचा मला योग आला. जाण्याचे कारण मात्र आपल्याकडचेच होते. ते बेळगावातील एका आवारात चिंचेखाली उभे होते.

त्या आवारात एका दिवंगत डॉक्टरांची एम. जी. मोटार ताडपत्रीखाली ठेवलेली आहे. दोन आसनांची, उघड्या टपाची, १९५२ सालची. तरुणपणी डॉक्टरांनी ती छावणीतील एका लष्करी अधिकाऱ्याकडून विकत घेतली, आणि पुढे कित्येक वर्षे ते तिच्यातूनच खेड्यापाड्यांतील रोग्यांकडे जात असत. त्यांच्या निधनाला नऊ वर्षे झाली. एवढ्या पावसाळ्यांत ताडपत्री फाटली, टायर मातीत रुतले. या जातीच्या मोटारीचा सांगाडा पोलादी असला, तरी वरच्या पत्र्याला आधार लाकडी चौकटीचा असतो. त्या चौकटीला वाळवी लागली. आमच्या तंत्रशाळेत मोटारदुरुस्ती शिकणारी मुले ती मोटार मागत होती. त्यांना ती विकायची नव्हती. वर्षभर खपून ती पुन्हा चालती करावी, हाच त्यांचा अभ्यास होणार होता.

मुलांच्या वतीने मी डॉक्टरीणबाईंकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. दुसऱ्या वेळी माझ्या तोंडून निघून गेले, "बाई, कुजवून ठेवण्यापेक्षा मुलांच्या उपयोगी पडू द्या." त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. तो चहा मी कसाबसा संपवला आणि निघालो.

यानंतर दोनएक महिन्यांनी वेल्सला जाणे झाले. सेमिनरीतील माझे एक सहाध्यायी तेथील एका चर्चमध्ये सेवा करतात. त्यांच्याकडे पंधरा दिवस राहिलो. बोलता बोलता मी मोटारीची हकीगत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "मग तू पेन्डाइन पाहिल्यावाचून परत जाऊ नकोस."

कारमार्दनहून बसने निघालो. रस्त्यावरील प्रत्येक पाटी दोन भाषांत होती, वर वेल्श आणि खाली इंग्रजी. सीमाभागातील माणसाला अशा पाट्यांचे नवल वाटू नये. पण बसमधील दोन म्हाताऱ्या बाया आपसात वेल्श आणि चालकाशी इंग्रजी किती सहज बोलत होत्या, हे ऐकून मला घरची आठवण झाली. वाटेत लार्न हे गाव लागले. डिलन टॉमस हा कवी तेथे राहिला आणि तेथल्याच चर्चच्या आवारात त्याला मूठमाती मिळाली. त्यानंतर दोन्ही बाजूंना उंच कुंपणे, मधून अरुंद रस्ता, आणि मग एकदम समुद्र.

किनारा सुमारे ११ किलोमीटर लांब आहे. गाव त्याच्या पश्चिम टोकाला, कड्याच्या पायथ्याशी वसलेले. पूर्वेकडे नजर जाईल तिथवर सपाट वाळू पसरलेली, आणि तिच्या मागे गवत उगवलेल्या वाळूच्या टेकड्यांची रांग. दुसऱ्या महायुद्धापासून या पट्ट्याचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. तोफांच्या चाचण्यांचे दिवस लाल निशाणांनी कळवतात. मी गेलो तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी इतके दूर सरले होते की लाटांचा आवाजही येत नव्हता. वाळूवर चाललो तर पावलाचा ठसा जेमतेम उमटे. मोटारींना या किनाऱ्याचे आकर्षण का वाटले, हे मला त्या ठशावरून कळले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत मोटारींचा वेग रस्त्यांच्या पुढे गेला होता. सरळ, सपाट आणि मोकळा असा इतका लांब रस्ता ब्रिटनमध्ये कोठेही नव्हता. समुद्र मात्र तो दिवसातून दोनदा धुऊन, दाबून तयार करून देत असे. विक्रम मान्य होण्यासाठी मोजलेले अंतर दोन्ही दिशांनी धावावे लागे आणि दोहोंची सरासरी धरली जाई. शिवाय हे सर्व पुन्हा भरती येण्याच्या आत उरकावे लागे. सप्टेंबर १९२४ मध्ये माल्कम कॅम्बेल याने येथे ताशी १४६ मैलांचा विक्रम केला. पुढील जुलैत त्यानेच ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला.

या वेळी मैदानात उतरला जॉन गॉडफ्री पॅरी टॉमस. हा वेल्समध्ये जन्मलेला, एका आंग्लिकन धर्मगुरूचा मुलगा. लेलँड या मोटार कंपनीचा तो मुख्य इंजिनिअर होता. पुढे नोकरी सोडून इंग्लंडातील ब्रुकलंड्स येथील शर्यतीच्या मैदानातच घर करून राहिला. त्याने जी मोटार घेतली, तीही एका मृत माणसाचीच होती. काउंट लुई झ्बोरोव्स्की या हौशी श्रीमंताने ती बांधली आणि १९२४ साली तो इटलीत मोन्झा येथील शर्यतीत मरण पावला. टॉमसने ती मोटार १२५ पौंडांना विकत घेतली, तिच्यात आपल्या कल्पनेप्रमाणे बदल केले आणि तिला लाडाने नाव दिले 'बॅब्ज'. पहिल्या महायुद्धात विमानांसाठी बनवलेले अमेरिकन लिबर्टी जातीचे बारा सिलिंडरांचे इंजिन तिला बसवलेले होते. त्याची क्षमता २७ लिटर. आपल्या रस्त्यांवरील लहान मोटारीचे इंजिन एक लिटरच्या आसपास असते, म्हणजे तशी सत्तावीस इंजिने एकत्र बांधल्यासारखे हे होते. एवढी शक्ती मागील चाकांना दोन साखळ्यांनी पोचवली जाई, सायकलीत पोचते तशीच.

एप्रिल १९२६ मध्ये टॉमसने याच वाळूवर ताशी १७१ मैल, म्हणजे २७५ किलोमीटर वेग गाठला. फेब्रुवारी १९२७ मध्ये कॅम्बेलने येथेच तो विक्रम मोडून जवळजवळ १७५ मैलांवर नेला. टॉमस परत आला. ३ मार्च १९२७ रोजी धावताना बॅब्ज घसरली, उलटली, आणि टॉमस जागच्या जागी मरण पावला. भूपृष्ठावरील वेगाच्या विक्रमासाठी प्राण गमावणारा तो पहिला चालक. इंग्लंडातील बायफ्लीट गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. त्याच्या सहकाऱ्यांनी मोटार मात्र परत नेली नाही. तिच्या काचा फोडल्या, आसने फाडली आणि तेथेच वाळूत खड्डा खणून तिला पुरून टाकले. तिचा बाजार होऊ नये, तिचे कोणी प्रदर्शन मांडू नये, अशीच त्यांची भावना असली पाहिजे.

महिनाही लोटला नाही तोच, २९ मार्च १९२७ रोजी, हेन्री सीग्रेव्ह याने अमेरिकेतील डेटोना येथे २०३ मैलांचा विक्रम केला. आता एवढ्या वेगाला पेन्डाइनचा किनारा अपुरा होता. भूपृष्ठावरील वेगाचा जागतिक विक्रम येथे पुन्हा झाला नाही. ज्या चार मैलांसाठी टॉमसने जीव दिला, ते चार मैल सव्वीस दिवसांत निरर्थक झाले.

किनाऱ्यावर उभा राहून मी हा हिशेब मनाशी केला तेव्हा मला वाटले, मोटार पुरली हेच योग्य झाले. मग कोणी ती उकरावी तरी का?

ती उकरली ओवेन विन ओवेन या गृहस्थांनी. उत्तर वेल्समधील बँगर येथील तांत्रिक महाविद्यालयात ते इंजिनिअरिंगचे अध्यापक होते. आपल्या देशबांधवाचे हे काम गंजून मातीत मिसळू नये, असे त्यांना वाटले. पण त्यांनी आधी फावडे हाती घेतले नाही. जमीन लष्कराची होती, म्हणून लष्कराची परवानगी मागितली. गावातील काही जणांना ते रुचले नाही. त्यांच्या दृष्टीने ती एक समाधी होती. ओवेन यांनी त्यांचेही ऐकून घेतले. टॉमसचे लग्न झालेले नव्हते, मूलबाळ नव्हते. त्याच्या नातलगांचा शोध घेत ते त्याच्या पुतण्यापर्यंत पोचले आणि त्याची संमती मिळवली. मगच १९६९ च्या मार्च महिन्यात टेकडी खणली गेली.

वर आले ते पाहून दुसरा कोणी हात झटकून मोकळा झाला असता. खारे पाणी पोलादाला खाते हे आपण कोकणपट्टीत रोज पाहतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून खाऱ्या ओलाव्यात राहिले, तर ॲल्युमिनियम त्याहून लवकर झिजते. बॅब्जचा पत्रा ठिकठिकाणी गळून गेला होता. तथापि एक गोष्ट अनुकूल होती. लिबर्टी जातीची इंजिने वीस हजारांहून अधिक बनली होती, त्यामुळे त्या जातीचे इंजिन जगातून नाहीसे झालेले नव्हते. असे काम घाईने होत नाही. प्रत्येक भाग सुटा करण्यापूर्वी तो कोठे आणि कसा होता हे टिपावे लागते. गंजाने धरलेला नट तेल पाजून, ऊब देऊन, दिवसचे दिवस थांबून सोडवावा लागतो. जो भाग उरलाच नाही, तो शेजारच्या भागाच्या मापावरून नव्याने घडवावा लागतो. ओवेन यांनी सुमारे पंधरा वर्षे हे काम केले. बॅब्जचे इंजिन पुन्हा गरजले.

या खटाटोपातून आणखी एक गोष्ट हाती आली. साखळी तुटून टॉमसच्या डोक्यावर आदळली, असे लोक चाळीस वर्षे सांगत आले होते. मोडलेले भाग हातात घेऊन पाहिल्यावर मात्र मागचे उजवे चाक आधी निकामी झाले असावे, असे अनुमान निघाले. मोटार पुरलेलीच राहती, तर हा प्रश्नही तिच्याबरोबर पुरलेला राहता.

किनाऱ्यालगत आता वेगाच्या विक्रमांचे नवे संग्रहालय आहे. ते २०२३ साली उघडले. बॅब्ज वर्षातील काही महिने येथे असते. सुदैवाने मी गेलो तेव्हा ती होती. भले लांब नाक, मागे चालकापुरती एक जागा, बाजूला साखळ्यांची आवरणे. तिच्याजवळ एक मध्यमवयीन बाप आपल्या दहाबारा वर्षांच्या मुलीला साखळी कशी फिरते ते समजावत होता. मुलीने विचारले, "ही अजूनही सर्वांत वेगवान आहे का?" बाप हसून म्हणाला, "अगं, दुकानात मिळणारी मोटारसुद्धा हिच्यापुढे जाते." ते खरेच आहे. २०१५ साली इड्रिस एल्बा या अभिनेत्याने बेंटली कंपनीची एक मोटार याच वाळूवर ताशी १८० मैलांनी चालवली. "मग ही ठेवली कशाला?" मुलीचा पुढचा प्रश्न. बापाने थोडा विचार केला आणि सांगितले, "कारण ती कोणीतरी बनवली, आणि कोणीतरी पुन्हा बनवली."

माझ्या पदरात त्या दिवशी पडले ते एवढेच. पण परतीच्या बसमध्ये माझ्या मनात मोटारीपेक्षा ओवेन यांची ती शोधाशोध अधिक घोळत होती. कायद्याने त्यांना पुतण्याचा शोध घेण्याची कितपत गरज होती कोण जाणे. गरज होती ती त्या पुतण्याला. आपल्या माणसाची वस्तू दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा ती नीट होणार की नाही, हा प्रश्न मागाहून येतो. आपल्याला कोणी माणूस म्हणून विचारले का, हा प्रश्न आधी. मी बाईंकडे दोनदा गेलो होतो, पण दोन्ही वेळा मोटारीसाठी गेलो होतो. त्यांच्यासाठी गेलो नव्हतो. आणि जाताना 'कुजवून ठेवणे' हा शब्द मागे ठेवून आलो होतो.

परत आल्यावर तिसऱ्यांदा गेलो. प्रथम त्या शब्दाबद्दल क्षमा मागितली. मोटारीचे नाव काढले नाही. पेन्डाइनची हकीगत मात्र सांगितली, आता आपल्याला सांगितली तशीच. बाई सगळे ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या,

"फादर, त्या मास्तरांनी आधी पुतण्याला विचारले म्हणता?"

"होय बाई. आधी विचारले, मग खणले."

"आणि गाडी पुन्हा त्याच गावात आणून ठेवली?"

"वर्षातले काही महिने ती तिथेच असते."

त्या बराच वेळ चिंचेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिचा हॉर्न ऐकला की वाडीतली पोरे धावत रस्त्यावर येत. डॉक्टर आले, डॉक्टर आले म्हणून." आणि थोड्या वेळाने, "शनिवारी मुलांना पाठवा. ताडपत्री काढू देत. पुढचे पुढे पाहू."

त्या शनिवारी सात मुले गेली. मी त्यांना एकच सूचना दिली होती: पहिल्या दिवशी एकही नट सोडवायचा नाही, काय आहे आणि काय नाही, एवढेच लिहून आणायचे. संध्याकाळी मी डोकावलो तेव्हा वहीची सोळा पाने भरली होती. एक मुलगा पालथा पडून खालच्या बाजूस टॉर्च मारत होता. बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि तेथूनच त्याला सांगत होत्या, "तो डावीकडचा नट नाही रे बाळा, तो मूळचा नाही. तो डॉक्टरांनी हुबळीहून आणून बसवला होता. लिहून ठेव."

त्याने ते लिहून घेतले.