रडार, पाऊस आणि सुगंध दशमी



जून उजाडला की आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मला एकच प्रश्न येतो. "वहिनी, मंदिरात आत्ता निघू की तासाभराने?" कुणाला पापड वाळत घालायचे असतात, कुणाच्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाचा मुलगा ठाण्याहून निघालेला असतो. मी काही पंचांग बघून सांगत नाही. हवामान खात्याचं रडारचं चित्र बघते. तेही माझं एकदा चांगलंच चुकलं होतं. आज ते सगळंच लिहिते, म्हणजे तुमचं तुम्हाला बघता येईल आणि माझ्यासारखी चूक होणार नाही.

हे मी शिकले ते पावसात नाही, बर्फात. जानेवारी २०१६ मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले होते. तिचे दिवस भरत आले होते आणि शुक्रवारी, २२ तारखेला, मोठं हिमवादळ येणार असं सगळीकडे सांगत होते. जावई न्यूयॉर्कला कामावर. मी डिंकाचे लाडू वळत होते आणि मुलगी फोनवर एक नकाशा उघडून बसली होती. त्यावर दक्षिणेकडून एक फिकट निळा पट्टा वर सरकत होता. ती दर थोड्या वेळाने त्याची पुढची कड बघायची आणि सांगायची, "आई, अजून अमुक तास आहेत." त्या हिशोबाने तिने नवऱ्याला लवकर निघायला सांगितलं, दवाखान्याची पिशवी दाराशी ठेवली, शेजारणीला कल्पना दिली. मग निवांत बसली. मी मात्र दर पाच मिनिटांनी खिडकीशी.

रात्री तो पट्टा आमच्या घरावर आलेला दिसला. बाहेर मात्र एक कण नाही. मी म्हटलं, "तुझं यंत्र खोटं बोलतंय." ती हसली. म्हणाली, "वर बर्फ पडतोय, पण खालची हवा कोरडी आहे, वाटेतच उडून जातोय. हवा ओलावली की खाली पोचेल." तसंच झालं. थोड्या वेळाने जे सुरू झालं ते दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबलं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या वादळात २७.५ इंच बर्फ पडला. नात त्यानंतर पाच दिवसांनी आली, रस्ते साफ झाल्यावर, अगदी शहाण्यासारखी.

तेव्हाच मुलीने मला रडार म्हणजे काय ते समजावलं. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसं. रडार रेडिओ लहरी सोडतं, त्या थेंबांवर, गारांवर, बर्फावर आपटून परत येतात. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, किती जोरात परत आल्या त्यावरून पाऊस किती दाट ते कळतं. डॉप्लर रडारला आणखी एक कळतं, थेंब आपल्याकडे येताहेत की लांब जाताहेत. डोंबिवली स्टेशनात न थांबता जाणारी मेल आठवा. येताना शिट्टी बारीक, पुढे गेली की जाड. ध्वनी आणि प्रकाशाच्या लहरींचं हे गणित ख्रिस्तियन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलं, म्हणून त्याचं नाव.

बर्फाकडून लहरी कमी परततात, पाण्याकडून जास्त. म्हणून तिकडे फिकट रंग दिसला तरी हलका बर्फ समजून चालत नाही. आणि गंमत अशी की बर्फाशी आपला संबंध नाही असं आपल्याला वाटतं, पण ऐन पावसाळ्यात आपल्या डोंबिवलीवरही साधारण पाच किलोमीटर उंचीच्या वर शून्याखालीच तापमान असतं. उंच ढगांत बर्फच असतो. तो खाली येता येता वितळतो आणि आपल्या छत्रीवर पाऊस होऊन पडतो.

परत आल्यावर मी आपल्याकडचं चित्र शोधलं. आपल्यासाठी मुंबईत डॉप्लर रडार आहेत. कुलाब्याचं २०१० च्या सुमाराला आलं, जोगेश्वरीच्या वेरावलीचं २०२२ मध्ये सुरू झालं. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर चित्रं फुकट दिसतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर सगळं त्यात येतं. ते पहिल्यांदा बघताना मला २६ जुलै २००५ आठवली. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला फक्त ७३. एकाच शहराच्या दोन टोकांना असा फरक. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आमचे हे अंधेरीला अडकले होते, फोन लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिखलाने माखून घरी आले. सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत म्हणून रात्रभर पाण्याचा घोटही नाही. ती रात्र मी जपमाळ हातात घेऊन दारात काढली. पाऊस कुठे आहे, किती आहे, थांबणार आहे का, काहीच ठाऊक नाही. न कळण्याची भीती पावसापेक्षा मोठी असते, हे त्या रात्री कळलं होतं. म्हणून या चित्राचं मला एवढं अप्रूप.

आता बघायचं कसं ते सांगते.

एकच चित्र बघू नका. लागोपाठची चित्रं हलताना दाखवणारी सोय असते, ती बघा. एका चित्रावरून पाऊस कुठे आहे एवढंच कळतं, कुठे चाललाय ते कळत नाही.

चित्रावरची वेळ वाचा. यूटीसी लिहिलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. मी सुरुवातीला हे करत नव्हते. सकाळी अकराला साडेपाचचं चित्र दिसतंय, म्हणजे जुनं आहे असं समजून बंद करत होते. ते ताजंच होतं.

मग त्रैराशिक. बी. कॉम.चा उपयोग मला आयुष्यात इथेच जास्त झाला असेल. पट्ट्याची पुढची कड अर्ध्या तासात १५ किलोमीटर सरकली, म्हणजे वेग ताशी ३०. कुलाब्याहून डोंबिवली सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आसपास. कड कुलाब्यावर असेल तर आपल्याकडे दीड तास. तेवढ्यात कपडे काढून होतात, मंदिरात जाऊन येता येतं.

पण हे गणित तास-दोन तासांपुरतंच. ढग वाटेत वाढतात, विरतात, नवे तयार होतात. हवामान खातंसुद्धा तातडीचा इशारा पुढच्या तीन तासांपुरताच देतं. उद्याच्या लग्नाचं मला रडारवरून विचारू नका, त्यासाठी अंदाज वेगळा असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, फक्त आपल्या डोक्यावर बघू नका. आपल्याला पूर येतो तो पुष्कळदा आपल्याकडे पडलेल्या पावसाने नाही. उल्हास नदी कर्जत, बदलापूरकडून कल्याणला येते. तिकडे रात्रभर कोसळलं की आपल्याकडे ऊन असलं तरी नदीकाठाला पाणी चढतं. त्यात खाडीला भरती असेल तर पाणी उतरायला जागाच नाही. २७ जुलै २०१९ ला आपल्या कोल्हापूरकडच्या माणसांची महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना होड्यांनी आणि माणसांच्या साखळीने बाहेर काढलं. तेव्हापासून लाल रंग वरच्या अंगाला दिसला की मी कल्याणच्या नदीकाठच्या मैत्रिणींना आधी फोन करते, मग स्वतःच्या खिडक्या लावते.

आता माझी चूक.

ज्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्या वर्षी दशलक्षण पर्व सप्टेंबरच्या शेवटी गेलं होतं. सुगंध दशमीचा दिवस. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. आयुष्यात सुगंध दशमीला मंदिरात धूप वाहिला नाही असं त्यांचं एकही वर्ष नाही. मंदिर स्टेशनच्या पलीकडे. हे म्हणाले, "हवा कुंद आहे, आईला नेऊ नका." मी तीन वाजता रडार बघितलं. समुद्रावर काही नव्हतं. अलिबागपासून डहाणूपर्यंत स्वच्छ. मी ठणकावून सांगितलं, "काही येत नाही. साडेपाचला परत येऊ, आईंचं पाणी आणि गोळी सूर्यास्ताआधी घरीच होईल." त्यांची रक्तदाबाची संध्याकाळची गोळी असते आणि सूर्यास्तानंतर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. गोळी पर्समध्ये टाकली, पाण्याची बाटली मात्र टेबलावरच राहिली. साडेपाचला परत यायचंच होतं ना!

धूप वाहून झाला, आरती झाली. पाच वाजता पूर्वेकडून आभाळ काळं झालं आणि दहा मिनिटांत असा कडकडाट सुरू झाला की मंदिरातल्या लहान मुली रडायला लागल्या. वीज गेली. रस्त्यावर गुडघाभर पाणी, रिक्षा एकही नाही. सहा वाजले. सव्वासहा. सूर्यास्त साडेसहाच्या आत. आई भिंतीला टेकून शांत बसलेल्या. माझ्या हातात गोळी, आणि गळलेलं, उकळलेलं पाणी घरी. त्यांना मी ओळखते. त्या "राहू दे" म्हणणार होत्या आणि वर्षभराच्या औषधाची घडी माझ्या हट्टापायी विस्कटणार होती.

शेवटी एका ताईंनी व्रती मंडळींसाठी ठेवलेलं उकळलेलं पाणी तांब्यात आणून दिलं. सूर्यास्ताला जेमतेम पाच मिनिटं असताना आईंनी गोळी घेतली, हात जोडले आणि जप सुरू केला. घरी पोचायला आठ वाजले.

रात्री मी पुन्हा चित्र उघडलं. आई पलंगावरून बघत होत्या. म्हणाल्या, "मुरबाडकडचं त्यात दिसत नाही का गं?"

दिसत होतं. तीन वाजताच्या चित्रात मुरबाडच्या वर, डोंगराच्या कडेला, दोन छोटे पिवळे ठिपके होते. मी चित्र मोठं करून फक्त समुद्राची बाजू बघितली होती, कारण जुलैत पाऊस तिकडून येतो. पण पावसाळा परतायला लागला की गणित फिरतं. दुपारच्या उन्हाने घाटाकडे ढग उभे राहतात आणि संध्याकाळी पूर्वेकडून आपल्यावर येतात. हे आपल्या आजी-पणजींना ठाऊक होतं, त्या डोंगराकडे बघायच्या. मला यंत्र मिळालं आणि मी निम्मंच आभाळ बघितलं.

प्रवचनात अनेकांत कितीदा ऐकला. एका बाजूने पाहिलेलं खोटं नसतं, अपुरं असतं. समुद्र स्वच्छ होता हे खरंच होतं. त्यावरून "काही येत नाही" म्हणाले, ती माझी चूक. आता मी ग्रुपवर उत्तर देताना "पाऊस येणार नाही" असं कधीच लिहीत नाही. "सहा वाजेपर्यंत समुद्राकडून आणि घाटाकडून काही दिसत नाही, पाण्याची बाटली बरोबर ठेवा" असं लिहिते. सुना हसतात, हसू देत.

काही जणी विचारतात, आपल्या साध्या संसारात हे कशाला? मला वाटतं, चातुर्मासात तर हवंच. या दिवसांत जमिनीवर, पाण्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती फार, म्हणून आपले मुनिराज विहार थांबवतात. आपल्याला घर-प्रपंचात थांबता येत नाही, पण विनाकारण गुडघाभर पाण्यातून जाणं तरी टाळता येतं. दोनदा जायचं काम एकदाच होतं. घरच्यांचं सूर्यास्तापूर्वीचं जेवण वेळेत होतं. हाही यत्नाचारच, फक्त हातात फोन आहे.

तेव्हा या पावसाळ्यात एवढं करा. घराबाहेर पडण्यापूर्वी हलतं चित्र बघा, वेळ तपासा, चारही दिशा बघा, उल्हासच्या वरच्या अंगाला काय चाललंय ते बघा. लाल इशारा असेल तर रडार काहीही दाखवो, घरीच थांबा, धर्म घरातही होतो. विजा असतील तर 'दामिनी' ॲप बघा आणि गच्चीवर पापड काढायला धावू नका. पापड पुन्हा लाटता येतात.

आई आता सत्त्याऐंशीच्या आहेत. यंदाच्या सुगंध दशमीचं त्यांनी आत्तापासून विचारून ठेवलंय. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी बघून सांगेन."

"बघ," त्या म्हणाल्या, "पण पाणी घेऊन निघू."