वाढला तो कर्ण

अड्यारमधील त्या संशोधिकेचा 5.5 इंची फोन धडधाकट आहे. केवळ सुरक्षाविषयक अद्यतने थांबली आहेत. नवा पडदा 6.7 इंची, म्हणजे शोधनिबंध वाचण्याची सोय. परंतु हे इंच कर्णाचे! 16:9 हे प्रमाण 20:9 झाले की वाढते ती उंची. रुंदीत दीड मिलिमीटरचीही भर पडत नाही. उभ्या पडद्यावर समीकरणे तितकीच बारीक राहणार. शेजारच्या आयआयटी मद्रासमध्ये जोपासलेल्या कंपनीची ‘भारओएस’ प्रणाली जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी वापरून पाहिली. तीत आधीच लादलेली ॲप्स नाहीत. दुकानातील फोनांत मात्र ती येत नाही, ही खंत. पडद्याचा मोह सोडून तिने एवढेच विचारले, ‘‘अद्यतने किती वर्षे?’’ विक्रेता खोके उलटून पाहू लागला.