आठ तासांचा गाळ

"काही करायचं नाहीये रे, नुसतं बसायचं आणि सहा वाजता पिपेट मारायची," असं म्हणून ताई परीक्षेच्या ड्युटीवर गेली. गेल्या शनिवारची गोष्ट.

ताई खाडीच्या गाळावर पीएचडी करतेय. वाळू चाळणीने वेगळी होते, पण ६३ मायक्रॉनखालच्या कणांसाठी चाळणी कामाची नाही. मग गाळ पाण्यात ढवळायचा आणि कण खाली बसताना गाठायचे. स्टोक्सने १८५१ मध्येच याचं गणित मांडून ठेवलंय: कण निम्म्या आकाराचा असेल तर चौपट वेळ लागतो. २० डिग्रीच्या पाण्यात ६३ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली जायला अर्धा मिनिट घेतो, २ मायक्रॉनचा जवळजवळ आठ तास! तेव्हा त्या खोलीवरून थोडं पाणी काढून वाळवलं, की उरते फक्त चिकणमाती. तिचं वजन करायचं.

सकाळी दहाला ढवळलं होतं. साडेचारला मित्राचा फोन. सिनेमाचं एक तिकीट जास्तीचं आहे, येतोस?

मी आधी हिशोब केला (इंजिनियर ना!). साडेसहा तासांत काढलं तर २ ऐवजी साधारण २.२ मायक्रॉनपर्यंतचे कण येणार. म्हणजे फरक ०.२ मायक्रॉन! कोणाला कळणार? पिपेट मारली आणि वहीत लिहिलं, ६.००.

ऑफिसात कोणी लॉगमधली वेळ बदलली असती तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. सिनेमा कसा होता विचारू नका, लक्षच नव्हतं.

रविवारी ताईला सांगून टाकलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "या थरात चिकणमाती जास्त दिसली असती, तर मी लिहिलं असतं की तेव्हा खाडीचं पाणी संथ होतं." बाटलीत त्या थराचा गाळ आता एकदाच पुरेल एवढा उरला होता.

वहीतली नोंदही तिने खोडू दिली नाही. ६.०० वर एकच रेघ मारायला लावली, शेजारी ४.३० आणि माझी सही.

आज पुन्हा त्याच सिलिंडरसमोर बसून हे लिहितोय. मोबाइल बंद आहे. अडीच वाजलेत, अजून साडेतीन तास.