परदेशात इंग्रजी शिकवल्यावर पुढे काय?

इंग्रजी विषय घेऊन एम.ए. झालेली, बी.एड. केलेली मुले-मुली आता आपल्या वस्त्यांमधून पुष्कळ आहेत. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर राबण्यापेक्षा परदेशात जाऊन इंग्रजी शिकवावे, असा विचार त्यांच्या मनात येतो आणि तो मुळीच वावगा नाही. सोयगावच्या माझ्या घरी सुटीच्या दिवशी असा एखादा मुलगा किंवा मुलगी कागदांची पिशवी घेऊन येतेच. "ताई, तिकडे जागा आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. "तिकडे गेल्यावर पुढे काय?" हे मात्र क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर घर सोडण्याआधीच शोधायला लागले पाहिजे.

मी २०१३ ते २०१९ अशी सहा वर्षे थायलंडच्या ईसान भागात, म्हणजे त्या देशाच्या ईशान्येकडील प्रांतात, एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवले. वडील सालदार, आई कापूस वेचायला जाणारी. मी निघाले तेव्हा आई म्हणाली, "अगं, परक्या मुलखात इंग्रजी तू शिकवणार, मग इंग्रजांनी काय करायचं?" आम्ही सगळे हसलो. पण तिच्या या भाबड्या प्रश्नात केवढे मर्म होते, ते तिथे गेल्यावर कळले.

परदेशातील इंग्रजी शिक्षकांच्या कितीतरी जाहिरातींत पहिली अट असते, ती म्हणजे मातृभाषा इंग्रजी हवी. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. भारताशी झालेला व्यापक आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, तेव्हा कुठे शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांसाठी साहाय्यक शिक्षकाची एक अरुंद वाट उघडली. ब्रिटनची तर आणखीच गंमत. इंग्लंडने २०२३ मध्ये भारतासह नऊ देशांच्या प्रशिक्षित शिक्षकांना आपल्याकडील शिक्षक-पात्रतेसाठी दार उघडले, पण ते गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी. इंग्रजीच्या शिक्षकाला त्या दाराने प्रवेश नाही! म्हणजे आपल्या घरात गणिताचा आणि इंग्रजीचा असे दोन शिक्षक असतील, तर विलायतेला जाण्याची संधी गणितवाल्याला अधिक.

थायलंडमध्ये भारतीयांना काम मिळते. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना आयेल्ट्स किंवा टोइकसारख्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. माझ्या शाळेत माझ्याइतकेच तास घेणाऱ्या गोऱ्या शिक्षकाचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता. सहा वर्षांत तिथे मला कोणी जात विचारली नाही. पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे मात्र प्रत्येकाने विचारले. माणसाची किंमत जन्मावरून ठरवण्याची खोड आपल्याच देशात आहे असे नाही, एवढा धडा मी घेतला. त्यावर रडत बसण्यापेक्षा आपल्याजवळ असे काय आहे, जे त्या गोऱ्या शिक्षकाजवळ नाही, याचा शोध घेणे मला शहाणपणाचे वाटले.

आधी तिथल्या नोकरीची रीत समजून घ्या. करार बहुधा वर्षाचा. काही करारांत पगार दहाच महिन्यांचा, सुटीचे दोन महिने कोरडे. कामाचा परवाना ज्या शाळेच्या नावाने, त्याच शाळेत काम करायचे. शाळा सुटल्यावर दुसरीकडे शिकवणी घ्यायची तर तीही परवानगीशिवाय चालत नाही. दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता पोलिसांच्या परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचा. शिक्षक म्हणून टिकायचे तर 'खुरुसापा' या त्यांच्या शिक्षक परिषदेचा परवाना लागतो आणि तेव्हा आपले बी.एड. कामी येते. नुसत्या पदवीवर गेलेल्यांना तात्पुरत्या परवानगीवर दिवस काढावे लागतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, बी.एड. आधी पूर्ण करा. शिवाय हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठाचा किंवा इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रम करा. ऐपत असेल तर केंब्रिजचा सेल्टा करा. त्यात किमान १२० तास शिक्षण आणि प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर सहा तास अध्यापन असते. घरबसल्या आठ दिवसांत मिळणाऱ्या प्रमाणपत्राने भिंत सजते, नोकरी टिकत नाही.

माझ्या शाळेत फिलिपाइन्सच्या एक बाई होत्या. त्यांनी मला पहिल्याच वर्षी बजावले होते की इंग्रजीने आपण इथे येतो, पण थाई आल्याशिवाय इथे वाढत नाही. मी शाळा सुटल्यावर वाचनालयातल्या बाईंकडे थाई शिकू लागले. भाषा अवघड. पाच सूर आहेत. सूर चुकला की अर्थ बदलतो. लिपीही निराळी. पण एकदा कान तयार झाला आणि आपलेच शब्द भेटू लागले. शिक्षकाला ते 'ख्रू' म्हणतात, तो आपला गुरू. 'आचान' म्हणजे आचार्य, 'फासा' म्हणजे भाषा, 'आहान' म्हणजे आहार, 'विथयालाय' म्हणजे विद्यालय! संस्कृत आणि पालीतून गेलेले हे शब्द. विहारात पाली गाथा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना ही भाषा गोऱ्या शिक्षकापेक्षा लवकर जवळची वाटेल. आपल्याजवळ काय आहे, याचे उत्तर मला इथे सापडले.

तिसऱ्या वर्षापासून मला थाई वाचता येऊ लागले. शाळेने मला परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढायला, पालकसभेत बोलायला, नव्या परदेशी शिक्षकांना वळण लावायला दिले. पगार थोडा वाढला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझ्याकडे दुसरा धंदा तयार झाला.

त्याचा उपयोग कुठे झाला? आपल्याच तालुक्यात! अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात. फर्दापूरला थायलंड, जपान, कोरिया, श्रीलंकेचे प्रवासी येतात. थायलंडमध्ये प्रवाशांच्या मार्गदर्शकाचे काम परदेशी माणसाला करता येत नाही, ते कायद्याने त्यांच्याच नागरिकांसाठी राखून ठेवलेले आहे. पण फर्दापूरला थाई जाणणाऱ्या माणसाची गरज आहे आणि तिथे आपण परके नाही. हिवाळ्यात थाई यात्रेकरूंचे गट आले की मी परवानाधारक मार्गदर्शकाबरोबर दुभाषी म्हणून जाते. बाकीचे वर्ष थाई प्रौढांना संगणकावरून इंग्रजी शिकवते आणि कागदपत्रांची भाषांतरे करते. श्रीमंत झाले नाही. पण घराला गिलावा झाला, धाकटा भाऊ अभियंता झाला आणि आज कोणाच्या दारात नोकरीसाठी उभे राहावे लागत नाही.

याउलट एका ओळखीच्या गृहस्थाची गोष्ट. नऊ वर्षे परदेशात शिकवून ते परतले. भाषा शिकले नाहीत, परवाना काढला नाही, अनुभवाची पत्रेसुद्धा सांभाळली नाहीत. इथे शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची होती, ती राहिलेली. राज्याच्या सरकारी नोकरीत वयाची अट मागासवर्गीयांना साधारण ४३ वर्षांची. तीही जवळ आलेली. नऊ वर्षांची मेहनत कोणी मोजायलाच तयार नाही. म्हणून जाण्यापूर्वी शिक्षक पात्रता परीक्षा देऊन जा आणि परतायचे वय मनाशी ठरवून जा.

आई-वडिलांनाही एक सांगणे आहे. एजंटच्या हाती दागिने मोडून पैसे देऊ नका. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. त्याची नोंद 'ई-मायग्रेट'वर तपासता येते. पर्यटक व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून देतो, असे म्हणणाऱ्याला घरात थारा देऊ नका. थायलंडमधील संगणकाच्या नोकऱ्यांचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याचे, त्यांच्याकडून फसवणुकीची कामे करून घेतल्याचे प्रकार घडले. २०२२ च्या सप्टेंबरात खुद्द परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल इशारा दिला होता. शाळेचे पत्र आले तर त्या शाळेला स्वतः फोन करा, वकिलातीत चौकशी करा. मुलगी एकटी जात असेल तर तिच्या पासपोर्टची व कराराची प्रत घरी ठेवा.

भाषेची ही गोडी लहानपणीच लागली तर किती बरे! आपल्याच जिल्ह्यातील गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतील मुले काही वर्षांपूर्वी जपानी शिकू लागली, त्याची बातमी देशभर गाजली होती. ती काही मोठ्या घरची मुले नव्हेत. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन दिवस असा वर्ग का चालू नये? थाईसाठी मी शिकवायला तयार आहे, आणि शिकणारे पाच जण जमले तरी मला पुरेसे आहेत.