कडक तळ की मऊ तळ?

पूल म्हणजे ब्रिज नव्हे, डॉर्सेटमधलं आमचं गाव. इथे राहायला आल्यापासून आमच्या घरात दर उन्हाळ्यात एकच वाद असायचा: छोटी रबरी होडी घ्यायची तर कडक तळाची की मऊ तळाची? यंदा एकदाची घेतली. मंडळाच्या सहलीत दोन-तीन कुटुंबांनी तोच प्रश्न विचारला, म्हणून सगळा हिशेब इथे मांडते.

दोन्ही होड्यांना कडेने हवेच्या जाड नळ्या असतात, त्यामुळे त्या सहजी कलंडत नाहीत. फरक खाली असतो. कडक तळाच्या होडीला खालून फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा सांगाडा असतो. मऊ तळाच्या होडीला जाड कापडाचा तळ, आणि त्यावर लाकडी पट्ट्या किंवा हवा भरून टणक केलेली गादी. हवा काढली की ती गुंडाळून पिशवीत जाते.

नवऱ्याचं मत कडक तळाला. लाटा कापत जाते, सरळ रेषेत चालते, गोट्यांवर घासली तरी तळ फाटत नाही. शिवाय तिला इतिहास आहे. १९६०च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात खडकाळ किनाऱ्यावर रबरी होड्यांचे तळ झिजून जात. रिअर ॲडमिरल डेस्मंड होअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांना प्लायवुडचा तळ चिकटवून पाहिला, आणि त्यातून ही जात जन्मली. पेटंटचे हक्क त्यांनी अवघ्या एका पौंडाला दिले. आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेने १९७२मध्ये सेवेत आणलेल्या होडीला कॉलेजवरूनच ‘अटलांटिक २१’ नाव मिळालं.

पण त्याच आरएनएलआयचं मुख्यालय आमच्या पूलमध्ये आहे, आणि तिच्या ताफ्यात १९६३पासून ‘डी क्लास’ नावाची लहान, कडक तळ नसलेली रबरी होडीही आहे. किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात, खडकांच्या मधे आजही तीच जाते. म्हणजे कुठली चांगली हा प्रश्नच अपुरा. कुठल्या पाण्यात जायचंय आणि होडी उचलणार कोण, हे आधी ठरवायला हवं.

आमच्याकडे उत्तर सोपं नव्हतं. नवऱ्याच्या बऱ्याच शनिवार-रविवारी पाळ्या असतात. म्हणजे होडी उचलणार मी आणि चौदा वर्षांची लेक. तीन मीटरची कडक तळाची होडी इंजिनाशिवायच पन्नासेक किलोची, तिला ट्रेलर हवा, आणि आमची गाडीच रस्त्यावर उभी असते. हवेच्या गादीची अडीच मीटरची होडी पंचवीस ते तीस किलो, अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन सतराच्या आसपास. दोन खेपांत पाण्यापर्यंत जातं.

आणि आप्पा. माझे सासरे हर्णैचे. दर जूनमध्ये येतात. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. “अजून किती उन्हाळे जमेल, बघू,” असं ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. त्यांना वेग नको होता, नातीबरोबर पाण्यात बसायचं होतं. आमचा वाद ऐकून म्हणाले, “सूनबाई, आमच्याकडे मोठ्या बोटी लांब नांगरतात. लहान होडीचं काम काठाशी. घरच्या दोघांना उचलेना ती होडी अंगणातच राहायची.”

मऊ तळाची घेतली. आप्पा नळीवर बसून, पाय आत फिरवून सावकाश चढतात. ब्राउनसी बेटाच्या आडोशाला तासभर फिरतो. लेक सुकाणू धरते, आप्पा पाण्याचा रंग बघून खोली सांगतात.

तिच्या खोडीही सांगते. हलकी आणि सपाट, त्यामुळे वाऱ्याने आडवी सरकते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला की आम्ही निघतच नाही, आणि बंदराबाहेर कधीच जात नाही. ऊन लागलं की नळ्यांतली हवा फुगते, थोडी सोडावी लागते. थंड पाण्यात उतरली की दाब घटतो, तेव्हा गादी पुन्हा तपासायची. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच गुंडाळायची. लाइफजॅकेट काठावरच चढवायचं, इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या पायाला बांधायची, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं, फोन जलरोधक पाकिटात ठेवायचा. ९९९ला फोन केला तर कोस्टगार्ड मागायचा. हे नियम दोन्ही होड्यांना सारखेच.

तुमच्याकडे ट्रेलर आणि तो ठेवायला जागा असेल, चार मोठी माणसं घेऊन ओल्ड हॅरीच्या सुळक्यांपर्यंत जायचं असेल, तर बिनदिक्कत कडक तळाची घ्या. माझी सूचना एकच. पैसे देण्याआधी, घरातली जी दोन माणसं ती रोज उचलणार आहेत, त्यांना दुकानातच उचलून वीस पावलं चालू द्या. माहितीपत्रकात वजन लिहिलेलं असतं, पण विसाव्या पावलाला ते किती होतं, ते लिहिलेलं नसतं.