कुंभार्लीचा घाट आणि घरची मोटार

मध्यम स्थितींतील कुटुंबांत मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. १९८३ सालच्या डिसेंबरांत मारुति ८०० ही लहान गाडी पहिल्या मालकाच्या हातीं पडली, तेव्हांपासून घरोघरचा प्रवास किती पालटला हें वाचकांस सांगावयास नको. तिच्या जातीच्या गाड्यांस, म्हणजे मागें सामानाची निराळी पेटी बाहेर न काढतां मागील दार वर उचलून सामान भरावयाचें अशा आटोपशीर गाड्यांस, हॅचबॅक म्हणतात. लांबी चार मीटरांच्या आंत व पेट्रोलचें इंजिन बाराशें सी. सी.च्या आंत असेल तर करहि कमी पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळें 'कोणती घ्यावी?' हा प्रश्न पुष्कळ घरीं जेवतांना निघतो. आमच्या घरींहि निघाला. त्याचें उत्तर आम्हांस दुकानांत मिळालें नाहीं, पुणें ते गुहागर या वाटेवर मिळालें. म्हणून त्या वाटेच्या वर्णनासह तें येथें देत आहों.

आमचें कुलदैवत गुहागरचा श्रीव्याडेश्वर. वर्षांतून एकदां तरी दर्शनास जावयाचें, हा वडिलांपासूनचा शिरस्ता. गतवर्षीं ज्येष्ठांत आम्हीं तिघे बंधू तीन बिऱ्हाडांसह तीन मोटारींतून निघालों. आमची मोटार अकरा वर्षें वापरलेली, लहान इंजिनाची. मधल्या बंधूंची उंच बांध्याची. आणि धाकट्याची लांब, ठेंगणी व भारदस्त. त्यांचीं नांवें मुद्दाम देत नाहीं. कोणाची जाहिरात वा निंदा करण्याचा हेतु नाहीं. आमच्या मातुःश्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गुडघ्यांनीं त्यांस जेरीस आणलें आहे. निघतांनाच त्या म्हणाल्या, "यंदाची खेप शेवटची रे बाबांनो." त्या शब्दांनीं मंडळींचीं मनें जड झालीं.

पुणें सोडल्यावर खंबाटकी, सातारा करीत उंब्रजपर्यंत राष्ट्रीय महामार्ग आहे. या रुंद रस्त्यावर ठेंगण्या गाडीचा बडेजाव. ताशीं ऐशीं-नव्वद किलोमीटरांच्या वेगांत ती जमिनीस चिकटून चालते, आंतील मुलें सुखानें झोपतात. उंच गाडी मात्र मोठी बस शेजारून गेली कीं वाऱ्यानें किंचित् हेलकावते. येथेंच परीक्षा संपली असती, तर धाकट्याची गाडी निर्विवाद पहिली आली असती.

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणकडे वळलें कीं देखावा पालटूं लागतो. ऊंसाचे मळे मागें पडतात, डोंगर जवळ येतात, भाताचीं खाचरें दिसूं लागतात. पुढें कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानें हें नांव साऱ्या महाराष्ट्राच्या काळजांत कोरलें गेलें; त्याच कोयनेच्या पाण्यानें घरोघरचे दिवे लागतात. हेळवाक मागें टाकून घाटमाथ्यावर आलों तों धुक्यानें रस्ता गिळला होता. उजवीकडे काळा ओला कडा, डावीकडे पांढरी पोकळी, आणि मधून कोठूनसा धबधब्याचा आवाज.

घाट उतरतांना तिन्ही गाड्या सारख्याच शहाण्या दिसल्या. ज्या गिअरमध्यें चढावयाचें त्याच गिअरमध्यें उतरावें, ब्रेकवर पाय दाबून ठेवूं नये, हा जुना नियम पाळला म्हणजे उतारावर कोणतीहि गाडी आज्ञाधारक असते. पोफळी आली, हवा एकदम उष्ण व दमट झाली, आणि चिपळूणावरून मार्गताम्हानें, शृंगारतळी या मार्गानें दिवस मावळण्यापूर्वीं गुहागर गांठलें.

दुसरे दिवशीं दर्शन झालें. तेथून वेळणेश्वर व हेदवी येथें जावयाचें ठरलें, तेव्हां धाकट्यानें मोठ्या हौसेनें मातुःश्रींस आपल्या गाडींत बसविलें. हेदवीस दशभुज गणपतीचें देऊळ टेकडीवर आहे. तेथें उतरण्याची वेळ आली आणि त्यांस उठतांच येईना. दोघांनीं हात धरून उठवावें लागलें. "अरे, ही मोटार आहे कीं पाट?" त्या हंसून म्हणाल्या, पण डोळ्यांत पाणी होतें. परततांना त्या मधल्या बंधूंच्या उंच गाडींत बसल्या. तेथें बसणें म्हणजे खुर्चीवर टेकणें व उतरणें म्हणजे खुर्चीवरून उठणें. कोणाचा हात लागला नाहीं. त्या दिवशीं त्यांनीं 'शेवटची खेप' हा शब्द पुन्हा काढला नाहीं, हें सर्वांच्या ध्यानांत आलें.

हा फरक नुसता भासाचा नव्हे. टाटा अल्ट्रोझची उंची १५२३ मिलिमीटर, मारुति वॅगन-आरची १६७५. म्हणजे सुमारें अर्धा फूट. एवढ्याशा अंतरांत म्हातारपणाची स्वाधीनता वा पराधीनता सांठलेली असते.

पुढें हेदवीहून तवसाळास जाऊन फेरीबोटीनें खाडीपलीकडे जयगडास गेलों. ओहोटीच्या वेळीं धक्का व बोट यांमध्यें चांगलाच उतार पडतो. तेथें ठेंगण्या गाडीचा पुढील ओठ घांसला. उंच गाडी विनासायास चढली. कोंकणांतील आडवाटांवर पोटाखालचें अंतर किती, हें पाहिल्यावांचून गाडी घेऊं नये.

खरी कसोटी परतीस लागली. देशावरचा मनुष्य कोंकणांत जातांना उतरतो व येतांना चढतो, आणि येतांनाच त्याचें ओझें वाढलेलें असतें. नारळ, फणस, आमसुलें, तांदुळाची गोणी हें सर्व मागें, व पांच माणसें आंत. त्यांत पाऊस. पावसांत कांचा बंद कराव्या लागतात, पांचजणांच्या श्वासानें पुढील कांच आंतून धुरकटते, व ती स्वच्छ राखण्यास वातानुकूलन चालूं ठेवणें भाग पडतें. एरवीं चढावर तें बंद करून इंजिनास दम देतां येतो. येथें ती सोय नाहीं. एका नागमोडी वळणावर समोरून मालमोटार उतरत आली, आम्हांस मध्येंच थांबावें लागलें, आणि पुन्हा निघतांना आमच्या जुन्या गाडीच्या क्लचचा करपट वास साऱ्या मंडळींच्या नाकांत शिरला. इतर दोन्ही गाड्या बाराशें सी. सी.च्या, त्या पहिल्या गिअरवर निमूटपणें निघाल्या. शहरांत हजार सी. सी. पुरतें, भरल्या कुटुंबासह घाट चढावयाचा असेल तर दोनशें अधिक असावे, हा धडा कुंभार्लीनें दिला.

तथापि उंच गाडीच्या बाजूनेंच सारें बोलणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या आघात-परीक्षेंत अल्ट्रोझला जानेवारी २०२० मध्यें प्रौढ प्रवाशांसाठीं पांच तारे मिळाले होते. वॅगन-आरला २०२३ मध्यें एकच. त्यानंतर २०२५ सालीं वॅगन-आरमध्यें सहा एअरबॅग सर्व प्रकारांत दिल्या गेल्या, हें खरें. पण हवेची उशी म्हणजे मजबूत सांगाडा नव्हे. आपल्याकडेहि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही परीक्षा सुरू झाली आहे. गाडी पाहावयास जाणाऱ्यानें रंगाआधीं या ताऱ्यांची चौकशी करावी.

इंधनाचा प्रश्नहि असाच. गॅसवर चालणारी गाडी रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्या नोकरदारास फायद्याची. पण बहुतेक गाड्यांत तिची टाकी डिकींतच बसते. वॅगन-आरची ३४१ लिटरांची डिकी टाकीनें भरली तर नारळ ठेवावयाचे कोठें? टाटांनीं २०२३ पासून दोन लहान टाक्या तळाशीं बसवून कांहीं जागा वांचविली आहे, तीहि पाहण्यासारखी.

जुनी गाडी घेणारांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूण शहर बुडालें व तेथील असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. अशा गाड्या पुसून-पासून दूरच्या बाजारांत येऊं शकतात. बैठकीखालील लोखंडी पट्ट्यांचा गंज, गालिच्याचा कुबट वास व पट्ट्याच्या टोकाशीं साचलेला गाळ हीं त्यांचीं चिन्हें. पाण्यांत उभी राहिलेली गाडी चालूं करूं नये. आंत पाणी शिरून इंजिन फुटल्यास साध्या विम्यांत त्याची भरपाई सहसा मिळत नाहीं, त्यास इंजिनाचें निराळें संरक्षण घ्यावें लागतें.

असो. पुण्यास परतल्यावर आम्हां बंधूंची बैठक बसली. धाकट्याच्या घरीं तीन व सहा वर्षांचीं दोन मुलें, आणि त्याचें जाणेंयेणें महामार्गावरचें. त्यानें आपली मजबूत गाडीच ठेवावी, असें ठरलें. मातुःश्री आमच्याकडे राहतात, आमचा वेग पन्नास-साठाच्या पलीकडे जात नाहीं. आम्हीं जुनी काढून बाराशें सी. सी.ची, पेट्रोलची, उंच बांध्याची घेतली. मात्र मागें बसणाऱ्यांनींहि पट्टा बांधल्यावांचून ती हलवावयाची नाहीं, हा नियम घातला; मातुःश्रींसहि त्यांतून सूट नाहीं.

एकाच घराण्यांतील दोन बिऱ्हाडांस दोन निरनिराळ्या गाड्या योग्य ठरल्या, यांतच आमचें उत्तर आहे. गाडी पाहावयास जाल तेव्हां घरांतील सर्वांत वृद्ध माणसास बरोबर न्या, त्यास तीनदां चढूं-उतरूं द्या. सर्वांत लहान मुलाची जागा कोठें व ती किती सुरक्षित हें पाहा. आणि वर्षांतील सर्वांत अवघड रस्ता डोळ्यांपुढें आणा. या तिघांचें समाधान करील ती गाडी तुमची. उरलेल्या गोष्टींत थोडें इकडेतिकडे झालें तरी चालेल.