मंगळवार धरून सात

धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. "ताई, मे महिन्यात येतोय आम्ही. चंद्रपूरला एक रात्र पुरेल ना?" पुढचं सगळं भाच्यानं तक्ता करून मांडलं होतं. ताडोबा एक दिवस, हेमलकसा एक दिवस, आनंदवन एक दिवस. चंद्रपूर त्या तक्त्यात होतं ते झोपण्यापुरतं.

मला लागलं ते. पठाणपुऱ्यात, परकोटाच्या आत आमचं घर आहे. बहीण याच घरात वाढली. तीस वर्षांत ती आली ती लग्नकार्याला नाहीतर दुखल्याखुपल्याला, दोन दिवसांसाठी. या वेळी यजमान, मुलगा आणि सासूबाई असे सगळे सुटीसाठी म्हणून येणार होते. सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणतो. त्यांनी तर हे गाव पाहिलेलंच नव्हतं. मी म्हटलं, "एक नाही, आठ रात्री राहा." ती हसली. मी हसले नाही.

फोन ठेवल्यावर मात्र मी स्वतःला विचारलं, आठ हा आकडा कुठून आला? त्यांना पाहायला आठ दिवस लागतात म्हणून, की मला बहीण आठ दिवस घरात हवी म्हणून? दुसरं कारण खरं होतं. पण पाहुण्याची सुटी यजमानाच्या मायेच्या हिशोबानं ठरवता येत नाही. त्यांच्या रजेचे दिवस मोजके असतात. म्हणून मी कागद घेऊन बसले आणि बहिणीला बाजूला ठेवून, परक्या माणसाला सांगावं तसा हिशोब केला.

हिशोब करण्याचं आणखी एक कारण होतं. चार वर्षांपूर्वी आमच्या दिरांचे एक स्नेही मुलाबाळांसह आले होते. एका प्रवासी कंपनीनं त्यांना तीन दिवसांचा कार्यक्रम आखून दिला होता, त्यात हेमलकसा एका दिवसात जाऊन-येऊन होतं. पहाटे निघाले ते रात्री साडेबाराला परतले. आलापल्लीच्या रस्त्यावर धाकट्या मुलीला उलट्या झाल्या, आणि डॉ. प्रकाश आमट्यांच्या प्रकल्पावर पोचून तास-दीड तास होतो न होतो तोच चालकानं "निघा, अंधार पडेल" म्हणून घाई केली. त्याचंही चुकलं नव्हतं. जंगलातल्या त्या रस्त्यावर रात्र करू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून सगळे ताडोबाला गेले आणि ती मुलगी जिप्सीत आईच्या मांडीवर झोपून राहिली. जाताना तिची आई मला म्हणाली, "वहिनी, आम्ही रस्ताच पाहिला हो." ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

आता मे महिन्याचा हिशोब. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात दिवस अख्खा नसतो. पारा ४५-४६ च्या वर गेला तर इथे त्याची बातमीही होत नाही. सकाळी दहाला उन्हाचा चटका लागायला लागतो आणि अकरानंतर रस्ते ओस पडतात. खिडकीत कूलर, दारावर वाळ्याची टट्टी, माठातलं पाणी आणि कांद्याची कोशिंबीर, यावर माणूस पाच वाजेपर्यंत तग धरतो. म्हणजे हाती उरतात पहाटेचे चार-पाच तास आणि संध्याकाळचे दोन-तीन. तक्त्यातले चार दिवस इथे मेमध्ये दोनच भरतात. पुण्यात बसून ज्यानं 'सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी ते' असं लिहिलं असेल त्यानं दुपारचा रकाना आधी खोडावा.

मग भाच्याचाच फोन आला. त्यानं ताडोबा मंगळवारी टाकलं होतं आणि त्या तारखेचं बुकिंग उघडत नव्हतं. "मावशी, साइट बिघडली आहे का?" साइट बिघडली नव्हती. मंगळवारी ताडोबा बंद असतं. आठवड्यात एक दिवस तरी जनावरांना गाड्यांपासून सुटका हवी. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पुढे अंधारी अभयारण्य धरून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. आमच्या लहानपणी तिथे जायला कुणाला बुकिंग ठाऊक नव्हतं. आता मेमध्ये कोअरची, म्हणजे आतल्या जंगलातली, जागा मिळणं म्हणजे रेल्वेचं तिकीट मिळण्याहून अवघड. पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, म्हणून उन्हाळ्यात सगळ्यांची धाव असते. भाच्याला सोमवारची सकाळ मिळाली, मोहर्ली गेटची. त्या एका तारखेनं त्याचा सगळा तक्ता विस्कटला, आणि मग आम्ही दोघांनी फोनवरच तो नव्यानं बांधला.

आनंदवनाला वेगळा दिवस द्यायची गरजच नव्हती. नागपूरहून चंद्रपूरला गाडीनं येताना वरोरा वाटेतच लागतं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, तिचं ते गाव. येतानाच तिथे थांबायचं, भद्रावतीत जैन मंदिर किंवा विजासन लेणी यांतलं एक काहीतरी पाहायचं, आणि संध्याकाळी घरी. एक दिवस वाचला. हेमलकशाला मात्र मी अडून बसले. जायचं तर मुक्कामाला, आधी कळवून. नाहीतर जाऊच नका. दोन दिवस तिकडे गेले. पहाटे चारला उठलेल्या दिवसानंतर एक रिकामा दिवस हवाच, तो मंगळवारी आपोआप आला. सगळं धरून सात रात्री झाल्या. माझ्या आठांपैकी एक कमी. त्या एकीसाठी मी भांडले नाही.

शनिवारी ते आले. रविवारी पहाटे साडेपाचला मी सगळ्यांना परकोटावर नेलं. खांडक्या बल्लाळशाहाची कथा इथे प्रत्येक पोराला पाठ असते: झरपट नदीच्या कुंडातल्या पाण्यानं राजाच्या अंगावरचे फोड गेले, आणि मग त्याला ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेवर कोट बांधला गेला. कथा ती कथा, पण कोट खरा आहे, सुमारे अकरा किलोमीटरचा, चार दरवाजे आणि पाच खिडक्यांचा. कितीतरी वर्षं त्यावर झाडं माजली होती, चढायची सोय नव्हती. इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून रोज पहाटे घाम गाळून बुरुज मोकळे केले, म्हणून आज माईंसारखी सत्तरीची बाई वरून चालू शकते. मला त्या मुलांचा फार अभिमान आहे.

माई जटपुरा दरवाज्याशी थांबल्या. कमानीतून ऑटो, मोटारसायकली, भाजीचे हातठेले जात होते. त्या बाजूला सरकून मान वर करून पाहत राहिल्या. वर दगडात गोंड राजांचं चिन्ह आहे, हत्तीवर स्वार झालेला सिंह. एवढंसं दिसतं. सिंहाच्या पंजाखाली हत्ती खेळण्याएवढा वाटतो. माईंनी विचारलं, "हत्ती एवढा लहान का केला असेल?" मी या दरवाज्याखालून हजारो वेळा गेले आहे, शाळेत शिकवायला जाताना रोज दोनदा, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर मला देता आलं नाही. तिथून अंचलेश्वराला गेलो. शेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली बीरशाहाची समाधी राणी हिराईनं बांधवून घेतली, महाकालीचं देऊळही तिचंच. साडेआठला घरी परतलो तेव्हा दगड तापायला लागले होते. एवढं पाहून झालं होतं ते तीन तासांत. घाईच्या माणसाला वाटेल, झालं की मग चंद्रपूर. खरंच, पाहण्याच्या जागा मोजल्या तर एक सकाळ पुरते.

सोमवारी ताडोबात त्यांना वाघ दिसला नाही. रानगवे दिसले, रानकुत्र्यांची टोळी दिसली, तलावाकाठी मगर दिसली. भाचा हिरमुसला. जेवताना त्यानं विचारलं, "मावशी, हेमलकसा सोडून बुधवारी बफरमध्ये, कोअरबाहेरच्या जंगलात, जाऊ या का? गुरुवारीही? दिसेपर्यंत?" त्याच्या वडिलांनाही ते पटत होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. वाघ दिसेपर्यंत थांबायचं हे दिवस मोजण्याचं माप होऊ शकत नाही. तो पहिल्या वळणावर दिसेल नाहीतर महिनाभर दिसणार नाही. त्या एका प्राण्यासाठी माणसं रोज एकच रस्ता धरतात, आणि रानकुत्र्यांची टोळी पाहिलेल्या मुलाला काहीच न पाहिल्यासारखं वाटतं, याचं मला वाईट वाटतं. निर्णय त्यांच्यावर सोडला. रात्री बहिणीनं सांगितलं, जायचं हेमलकशालाच.

मंगळवार रिकामा होता. सकाळी बहीण आणि मी गोल बाजारात गेलो. मेमध्ये खेड्यांतून बाया टेंभरं आणि चारं घेऊन येतात, पानांच्या द्रोणात. चारं म्हणजे चारोळीचं फळ, काळंजांभळं, वाटाण्याएवढं. वरचा गर चोखायचा आणि बी वाळवून फोडली की आतली चारोळी. बहिणीनं तिथेच उभ्या-उभ्या द्रोण संपवला, जीभ जांभळी करून. तीस वर्षांत ती मेमध्ये आली नव्हती. लग्नाचे मुहूर्त आणि चारांचा हंगाम जुळला नव्हता, एवढंच. दुपारी गोळाभात केला, जवसाची चटणी केली. जेवून कूलरसमोर सगळे आडवे झाले आणि अंधार केलेल्या खोलीत माई बोलायला लागल्या. त्यांच्या लहानपणच्या गोष्टी, ज्या बहिणीनंही कधी ऐकल्या नव्हत्या. रात्री गच्चीवर खाटा टाकल्या. गच्ची आधी धुवावी लागते, कोळशाच्या गावात काळी पूड बसते. मग चार बादल्या पाण्यानं फरशी निवते आणि दहाच्या पुढे जरा वारा सुटतो.

बुधवारी माईंनी यायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांचे गुडघे दुखत होते. मी त्यांच्याबरोबर राहिले, बाकीचे तिघे गेले. बल्लारपूर, गोंडपिपरी, मग आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. आलापल्लीपुढे दोन्ही बाजूंनी साग.

त्यांनी काय पाहिलं ते भाच्यानं परतल्यावर सांगितलं. आश्रमशाळा उन्हाळ्याच्या सुटीमुळे बंद होती, मुलं आपापल्या गावी गेलेली. ते त्याला चुकल्यासारखं वाटलं. माझ्याही ते लक्षात राहिलं नव्हतं, आधी सांगायला हवं होतं. दवाखाना चालू होता. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ ला जिथे काम सुरू केलं, तिथे आज काय उभं आहे ते त्यानं हिंडून पाहिलं. पण तो सर्वांत जास्त बोलला तो संध्याकाळबद्दल. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या भेटतात, पलीकडे छत्तीसगड. मेमध्ये पाणी खाली गेलेलं, वाळू आणि खडक उघडे. पावसाळ्यात हीच पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो. तो खडकावर बसून राहिला, सूर्य पूर्ण जाईपर्यंत. "आई-बाबा पण काही बोलले नाहीत," तो म्हणाला. दिरांचे स्नेही त्या वेळेला आलापल्लीच्या अलीकडे गाडीत होते.

शुक्रवारी कुणी कुठे गेलं नाही. बहिणीच्या यजमानांनी एकट्यानं पुन्हा परकोटावर फेरी मारली आणि परतताना अनोळखी माणसाशी बोलत घरापर्यंत आले. भाच्यानं कूलरची मोटर दुरुस्त केली. शनिवारी सकाळी सहाला गाडी आली.

भाद्रपदात बहिणीचा फोन आला. माईंना झाडीपट्टीचं नाटक पाहायचं आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत वडशाकडच्या गावागावांत ही नाटकं होतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि ते पहाटेपर्यंत चालतं. चांदा फोर्ट स्टेशनवरून वडशाला रेल्वे जाते, माईंना ते सोयीचं. बहिणीनं यावेळी 'पुरेल ना' असं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की कुठल्या दिवशीचं परतीचं तिकीट काढू. मी सांगितलं, नाटकाच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नकोस, तो दिवस झोपेत जातो. तिसऱ्या दिवशीचं काढ. आणि वाटेत मंगळवार येत असेल तर येऊ दे.